एक गाठ मारून दिली

गाठ अजून सुटलेली नाही. टेबलावर दोरी पडली आहे, वेणीची, दीड मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यात येवल्याच्या एका काकांनी मारलेली गाठ. परवा गुहागरच्या किनाऱ्यावर, दुपारी साडेतीनला, समुद्राकडून छान एकसारखा वारा सुटलेला असताना मारलेली.

मी पतंगाला कॅमेरा टांगून वरून फोटो काढतो. ‘ड्रोन का नाही घेत?’ हा प्रश्न मनात आला असेल तर कृपया रांगेत उभे राहा. पुढे बरीच मंडळी आहेत. फ्रान्समध्ये आर्तूर बात्यूने १८८८ साली पतंगावरून फोटो काढले, तेव्हा त्याला हे विचारायची कुणाची सोय नव्हती. सुखी माणूस.

पतंग रोक्काकू, म्हणजे जपानी षट्कोनी. दोन मीटर उंच, एक मीटर साठ रुंद. आडव्या दोन्ही काड्या मागून दोरी ताणून धनुष्यासारख्या वाकवायच्या, नाहीतर गिरक्या घेत खाली येतो. दोर डॅक्रॉनचा, म्हणजे पॉलिस्टरचा, नव्वद किलो ताण सोसणारा. नायलॉन ताणला की रबरासारखा लांबतो, आणि कॅमेरा वर बसून उठाबशा काढतो.

काका पर्यटकांच्या बसमधून उतरले ते थेट माझ्याकडेच आले. पोपटी टीशर्ट, हातात सोललेलं शहाळं.

“आसारी कुठंय?”

“ही फिरकी आहे ना.”

“ही? हिला आसारी म्हणत नाही आमच्याकडं.” मग दोर दोन बोटांत चोळून, “मांजा नाहीच की हा. सुतळीय. यानं कुणाची काटणार?”

“कुणाचीच नाही.”

“मग उडवता कशाला?”

याला उत्तर नसतं. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस गच्चीवरून न उतरणाऱ्या माणसाला तर नसतंच.

“कन्नी चार ठिकाणी बांधलीय तुम्ही. दोन पुरतात.”

“काका, हा मोठा आहे.”

“मोठ्यालाही दोनच पुरतात,” असं म्हणून त्यांनी शहाळं माझ्या पिशवीवर ठेवलं. पिशवीत सुट्या बॅटऱ्या होत्या.

इथे सांगाड्याबद्दल सांगायला हवं, कारण घात तिथेच झाला. वीस मिलिमीटर रुंद, दोन मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमची पट्टी ‘यू’ आकारात वाकवायची आणि कॅमेरा तिच्यात स्क्रूने बसवायचा. स्क्रू पाव इंची, इंचाला वीस आटे. हार्डवेअरवाला हमखास सहा एमएमचा देतो आणि वर “सेम टू सेम” म्हणतो. तो दोन आटे जातो, तिसऱ्याला अडकतो, आणि जोर लावलात तर कॅमेऱ्याच्या बुडाचे आटे जातात. माझे गेले. ते दुकान आजही उत्तम चालतं.

कॅमेरा जुना, खिशात मावणारा. दर पाच सेकंदांनी आपोआप फोटो. शटर एक हजारांश सेकंद, फोकस अनंतावर कायम. सगळं मिळून चारशे ग्रॅमच्या आत. आणि हे टांगायचं पिकावेवर. पिएर पिकावे नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ साली ही युक्ती काढली. लाकडी फुली, तिच्या चार टोकांना कड्या. पतंगाच्या दोरावर हातभर अंतराने दोन हूक. एकच सहा मीटरची दोरी हुकांतून आणि कड्यांतून ओवत फिरवायची. पतंग वर चढला, दोराचा कोन बदलला, की दोरी कड्यांतून सरकते आणि फुली आपोआप समतल राहते. सरकते, हाच सगळा मुद्दा. ती सैल दिसते, कारण ती सैलच असायला हवी.

पतंग आधी तीस मीटर वर चढवून तो स्थिर आहे याची खात्री करायची, मगच सांगाडा टांगायचा. जमिनीलगतचा वारा लहरी असतो. टांगला. कॅमेरा सुरू केला. हातमोजे घालायला वळलो. नव्वद किलोचा दोर उघड्या तळहातातून सरकला तर कातडी घेऊन जातो. दोर वाळूच्या गोणीला बांधलेला होता, त्यामुळे घाई नव्हती. मोजे घालून वळलो, तर काका हात झटकत होते.

“तुमची दोरी सैल होती. एक गाठ मारून दिली.”

मला वाटलं, हुकाची दोरी म्हणत असतील. “थँक्यू,” म्हणालो. हे ‘थँक्यू’ मला रात्री आठवतं.

तासाभराने सांगाडा उतरवला. सातशेहून जास्त फोटो, आणि वरून काढलेल्या प्रत्येकात अरबी समुद्र उजवीकडे सांडतोय. एका कडीपाशी दोरीचे दोन्ही पदर एकत्र घेऊन काकांनी अशी आवळली होती की वर जाऊन दोराचा कोन बदलला तरी फुली तिरकी ती तिरकीच. काकांनी मान कलती करून पडद्यावर पाहिलं. “वाकडे आलेत. म्हणून म्हणतो, ड्रोन घ्या.”

१९३४ च्या विमान कायद्याने विमानाच्या व्याख्येत पतंगही धरला होता. म्हणजे माणूस विमानाच्या यंत्रणेत हात घालून गेला, आणि जाताना रिकामं शहाळं माझ्याकडेच ठेवून गेला. सतार वाजवणाऱ्याची तार सैल वाटली म्हणून कुणी खुंटी पिळत नाही. पण दोरी दिसली की या देशात प्रत्येकाचे हात शिवशिवतात, आणि वर आपणच हसून आभार मानायचे.

पुरावा आहे. गाठ मारताना कॅमेरा सुरूच होता. दर पाच सेकंदांनी एक, असे चार फोटो: पोपटी टीशर्ट, पोट, दोन बटणं. फोकस अनंतावर असल्यामुळे चारही धूसर. सगळ्या कार्डावर समतल आलेले तेवढेच.