खिडकीत आउट, टीव्हीवर रनअप

नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमच्या हाकेच्या अंतरावर राहतो म्हटलं की लोकांना हेवा वाटतो. "मजा आहे बुवा तुमची, मॅच म्हणजे अगदी घरबसल्या!" असं म्हणणाऱ्याने एकदा मॅचच्या रात्री आमच्या हॉलमध्ये येऊन बसावं. अर्थात पोचता आलं तर. त्या दिवशी एल.पी. नाक्यापासून आमच्या गेटपर्यंत यायला रिक्षावाला जे तोंड करतो, ते बघून माणूस निमूट चालायला लागतो.

पण रिक्षाचं सोडा. आमचं दुखणं असं की मॅच आम्हाला आधी ऐकू येते आणि मग दिसते.

आमच्या खिडकीपासून स्टेडियम असेल अर्धा किलोमीटर. तेवढं अंतर यायला आवाजाला दीड सेकंद लागतो. चित्र मात्र उपग्रहाकडे ३६ हजार किलोमीटर वर जातं आणि तेवढंच खाली येतं, त्याला लागतो पाव सेकंद. या हिशोबाने विकेट आधी टीव्हीवर पडायला हवी आणि आरडाओरडा मागून यायला हवा. प्रत्यक्षात आमच्याकडे पब्लिक ओरडून, नाचून, खाली बसून पाणी पिऊ लागतं, तेव्हा टीव्हीवरची बोलर रनअपला वळत असते.

चिरंजीवांनी एकदा मला शहाणं करायचा प्रयत्न केला. आपला टीव्ही चालतो नेटवरच्या ॲपवर आणि ॲपवर मॅच येते ती अख्खी येत नाही. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते दाबून लहान करतात, ज्याचं नेट जसं त्याला तसा तुकडा पाठवतात. शिवाय मध्येच अडकू नये म्हणून ॲप दोन-चार तुकडे गाठीशी बांधल्याशिवाय दाखवायला सुरुवातच करत नाही. त्यात वीस-तीस सेकंद सहज जातात. एवढी तजवीज करूनही शेवटच्या ओव्हरला ते गोल चक्र फिरायचं ते फिरतंच.

आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे तुकड्यांचं शास्त्र मान्य नाही. "इएसपीएन असताना असं होत नव्हतं," हा त्यांचा निकाल. त्यांच्या लेखी खेळाचं कुठलंही चॅनेल इएसपीएनच. "अगं, इएसपीएन लाव" म्हणजे क्रिकेट लाव, टेनिस लाव, प्रसंगी कबड्डीसुद्धा लाव.

आप्पांना दोष तरी काय देणार? या चॅनेलची मालकी आमच्या कोकणातल्या सामाईक जमिनीसारखी आहे, सातबारा काढल्याशिवाय आज कोणाच्या नावावर आहे ते कळत नाही. इएसपीएनचा जन्म १९७९ चा, अमेरिकेतल्या ब्रिस्टल नावाच्या गावातला. १९९५ च्या सुमाराला ते आपल्याकडे आलं. स्टार स्पोर्ट्स आधीपासून होतंच. दोघांनी भांडून बघितलं आणि १९९६ मध्ये निम्मी-निम्मी भागीदारी करून सिंगापूरला बिऱ्हाड थाटलं. हर्षा भोगले, गावसकर, शास्त्री आमच्या हॉलमध्ये रोज येऊ लागले ते त्या काळात. 'शाझ अँड वाझ'मध्ये शास्त्री आणि वसीम अक्रम शेजारी बसून हसायचे आणि आप्पा "तो बघ, कसा गोड बोलतोय आता," म्हणून अक्रमवर जुना राग काढायचे. २०१२ मध्ये स्टारचे मालक मरडॉक यांच्या कंपनीने इएसपीएनचा हिस्सा विकत घेतला, २०१३ मध्ये पाटीही उतरली. पुढे इएसपीएनने काही वर्षं सोनीशी घरोबा केला. मग २०१९ मध्ये इएसपीएनची मोठी मालक डिस्ने हिने मरडॉक यांच्याकडून जे विकत घेतलं त्यात स्टार इंडिया आलं, म्हणजे विकून टाकलेला हिस्सा बाकीच्या हिश्श्यासकट परत आला. आणि २०२४ मध्ये त्यात रिलायन्स आली.

हे सगळं मी एकदा आप्पांना तारीखवार सांगितलं. आप्पा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फेरफार किती का होईनात, वहिवाट तीच आहे ना? इएसपीएन लाव."

तर २ नोव्हेंबर २०२५. महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल, आपण विरुद्ध दक्षिण आफ्रिका, आणि तीही आमच्या खिडकीत. तिकिटं अर्थातच मिळाली नव्हती. पावसाने मॅच दोन तास उशिरा, पाचला सुरू झाली. आपल्या २९८ झाल्या.

सासूबाईंना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण खिडकी त्यांच्याइतकी कोणाला कळत नाही. खिडकी गप्प बसली की त्या सांगतात, "त्यांनी चार मारले." बरोब्बर असतं. नुसता 'होऽऽ' करून आवाज विरला तर पडद्यावर कोणी बडं माणूस दिसलं. गाणं लागलं तर ओव्हर संपली.

आफ्रिकेची कॅप्टन लॉरा वोल्वार्ट १०१ वर होती. ती आहे तोवर काही खरं नाही, हे सासूबाईंनाही कळलं होतं, कारण खिडकी बराच वेळ गप्प होती. आणि अचानक आवाज चढला, मध्येच तुटला, पुन्हा चढला, पुन्हा तुटला, आणि मग जो फुटला तो ग्रिल हलेपर्यंत. सासूबाईंनी हातातली भेंडी खाली ठेवली. "हे काहीतरी नवीन आहे," म्हणाल्या.

टीव्हीवर दीप्ती शर्मा शांतपणे फील्ड लावत होती. आम्ही चौघं श्वास रोखून बघतोय, काय झालंय ते माहीत नाही आणि काहीतरी झालंय हे पक्कं माहीत. तेवढ्यात केबलवाल्या शेजाऱ्यांची भिंतीपलीकडून आरोळी आली. मग आमच्याकडे बॉल हवेत गेला, अमनजोतच्या हातातून उडाला, पुन्हा उडाला, तिसऱ्या प्रयत्नात एकदाचा अडकला. देशभर लोकांचं काळीज तोंडात आलं असेल, आमच्या घरात सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हां, म्हणून आवाज तुटत होता." मग आतल्या खोलीत, हेडफोन लावून मोबाइलवर बघणारे चिरंजीव किंचाळले. खिडकी, भिंत, टीव्ही, मोबाइल. वोल्वार्ट आमच्या घरी चार वेळा आउट झाली.

बारा वाजून गेल्यावर खिडकीने असा काही आवाज काढला की त्याचा अर्थ सांगायला सासूबाईंची गरज नव्हती. खाली फटाके सुरू झाले. सोसायटीच्या ग्रुपवर झेंडे फडकले. टीव्हीवर मात्र नदीन डी क्लर्क अजून बॅट आपटत उभी होती.

आप्पा उठले, चष्मा घरात घातला. "निकाल लागला. नक्कल बघायला तुम्ही बसा."

आम्ही बसलो. हरमनप्रीतने मागे पळत झेल घेतला, नवऱ्याने मला आणि मी सासूबाईंना मिठी मारली, तेवढ्यात आतून आवाज आला, "कोणी काही सांगू नका हां! माझ्याकडे अजून दोन बॉल बाकी आहेत!"