टकसाळ चुकली, तुमचं नशीब उघडलं!

नागपूरकरहो, मिहान प्रकल्पातल्या नोकरीची वाट पाहणं सोडा. देवघरातल्या डब्यात आणि गाडीच्या डिकीत पडलेल्या चिल्लरीत लाखो रुपये आहेत. टकसाळीत चुकीचं पाडलं गेलेलं एक नाणं, म्हणजे 'एरर कॉइन', सापडायचा अवकाश, धरमपेठेत फ्लॅट बुक झालाच म्हणून समजा. फक्त मी सांगतो तसं करायचं.

एक म्हणजे, नाणं कसं पाडतात हे वाचू नका. कोरी चकती, वरखाली दोन साचे आणि दाब, एवढं जरी डोक्यात शिरलं तरी घात होतो. मग टकसाळीतली चूक कोणती आणि बाहेर आल्यावर खाल्लेला मार कोणता, हे दिसायला लागतं आणि डबाभर 'एरर कॉइन' पुन्हा चिल्लर होतात.

नाण्यावर रेघ दिसली? तिच्यावर नख फिरवायचा मोह आवरा. रेघ नखाला उंच लागली तर साचा तडकलेला असतो, त्या भेगेत धातू शिरलेला असतो, म्हणजे चूक खरी. खोल लागली तर साधा ओरखडा. तुमच्या सगळ्या रेघा खोलच लागणार, म्हणून सांगतो, नख नको. ट्यूबलाइटखाली तिरका फोटो काढा. फोटोत भेग काय नि ओरखडा काय, सारखेच.

मग सालाखाली पाहा. मुंबईचं नाणं असेल तर बर्फीच्या आकाराची खूण, हैदराबादचं असेल तर तारा, नोएडाचं असेल तर ठिपका. काहीच नाही? लगेच जाहीर करा, "भाऊ, टकसाळ खूण टाकायलाच विसरली!" कोलकात्याची टकसाळ खूण टाकतच नाही, पण हे गिऱ्हाइकाला सांगत बसलात तर जन्मभर चिल्लरच मोजाल.

आता हुकमाचा एक्का. रुपया सिंहाच्या बाजूने सरळ धरा आणि खालची कड वर नेऊन उलटा करा. मागचा आकडा डोक्यावर उभा! शहाणे लोक नाणं पुस्तकाच्या पानासारखं डावी-उजवीकडे उलटतात. तसं केलं की आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू सरळ येतात, आकडा तिरका किंवा उलटा दिसला तरच साचा फिरलेला असतो. अशा पद्धतीने श्रीमंत झालेला माणूस मी पाहिला नाही. आपल्या पद्धतीने अख्ख्या विदर्भातली चिल्लर एका संध्याकाळी दुर्मीळ होते.

आजोबांच्या पेटीत भोसल्यांच्या काळातला रुपया निघाला तर सोन्याहून पिवळं. अक्षरं अर्धीच आहेत ना? म्हणजे चूकच! तेव्हा हातोड्याच्या घावाने नाणी पाडत, साचा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे आणि मजकूर कडेबाहेर जाई. इतवारीतल्या जुन्या सराफाला हे ठाऊक असतं, सबब इतवारीत पाऊल ठेवू नका. विकायला काढण्याआधी रुपया चिंच लावून खसाखसा घासायला विसरू नका. दीडशे-दोनशे वर्षांचा रंग एका घासणीत गेला की संग्राहक तुमच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, तेवढीच कटकट कमी.

राहिली विक्री. जाहिरात टाकली की फोन येईलच. "रिझर्व्ह बँकेतून बोलून राहिलो साहेब, तुमचं नाणं अकरा लाखांत पास झालं. फक्त नोंदणी आणि टॅक्स आधी भरा." भरून टाका. असे व्यवहार आम्ही करत नाही, कमिशनही मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलं होतं, पण बँका काय, काहीही सांगतात. संविधान चौकात तिची एवढी मोठी इमारत आहे, आत जाऊन विचारता आलं असतं. पण पार्किंगचा केवढा त्रास!

टॅक्स भरून झाल्यावर तोच नंबर बंद लागेल. घाबरू नका, साहेब मीटिंगमध्ये असतील. तोवर अकरा लाखांत पास झालेलं ते दहाचं नाणं घेऊन कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर जा आणि खर्रा मागा. ठेलेवाला नाणं उलटसुलट पाहील आणि म्हणेल, "हे चालत नाही भाऊ, नोट द्या."