चार आकडे आणि तीन टिंबे

पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर यंत्राला ओळखणारा आकडी पत्ता, सांभाळण्याची सोय कोणत्या क्लाउडवर, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कोणत्या सेवेवर, चांगली आहे, याचा एका पानाचा तक्ता करून द्यावा, असे आमच्या साहेबांनी फर्मावले, तेव्हा त्यांना खरे तर ‘स्वस्त कोण’ एवढेच हवे होते. त्याचे उत्तर देण्यास पानभर जागा लागत नाही. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला (चार आकडे आणि तीन टिंबे असलेल्या जुन्या पद्धतीच्या) तासाला ०.००५ डॉलर आकारण्यास सुरुवात केली, मग तो पत्ता वापरात असो वा नुसता पडून असो. गूगलने साध्या व्हीएमच्या, म्हणजे भाड्याच्या आभासी यंत्राच्या, पत्त्याचा दर त्याच दिवशी ०.००४ वरून ०.००५ वर नेला. आणि मायक्रोसॉफ्टच्या अझुरवर स्टँडर्ड पत्त्याचा दरही तेवढाच आहे. तासाला अर्धा सेंट, म्हणजे महिन्याला साधारण ३.६५ डॉलर. एरवी एकमेकांची तोंडे न पाहणाऱ्या तीन कंपन्यांचे दर तिसऱ्या दशांशापर्यंत जुळलेले पाहून साहेब म्हणाले, “मग तक्ता कशाला हवा?”

तक्ता हवा, कारण दर सारखा असला तरी पत्ता हातातून केव्हा निसटतो, याचे नियम तिघांचे तीन आहेत. आणि निसटणे आम्हाला परवडत नाही, कारण पलीकडे एक बँक बसलेली आहे. आमच्या सर्व्हरचा पत्ता त्या बँकेच्या फायरवॉलमध्ये व्हाइटलिस्ट केलेला, म्हणजे आत सोडण्याच्या यादीत नोंदलेला, आहे. तो बदलायचा झाल्यास कंपनीच्या लेटरहेडवर अर्ज, त्यावर शिक्का, संचालकांची सही आणि ‘बदलाचे सबळ कारण’ नावाचा रकाना भरावा लागतो, आणि मग तो अर्ज कोणत्या तरी समितीपुढे जातो. ‘व्हीएम बंद करून चालू केली’ हे कारण माझ्या मते सबळ आहे. समितीच्या मते नाही.

त्यामुळे ‘बंद करणे’ म्हणजे नेमके काय, याचा जेवढा सखोल अभ्यास मी केला आहे, तेवढा एखाद्या गिरणी कामगार पुढाऱ्यानेही केला नसेल. ॲमेझॉनवर इन्स्टन्स (तिथली व्हीएम) रीबूट केला तर आपोआप मिळालेला पत्ता टिकतो, पण स्टॉप केला की तो जातो. टिकवायचा असेल तर इलास्टिक आयपी, म्हणजे आपल्या नावावर राखून ठेवलेला पत्ता, घ्यावा लागतो आणि त्याचा सुरुवातीचा कोटा एका रीजनमध्ये (एका भागातल्या सर्व्हर-केंद्रांच्या गटात) अवघा ५ असतो. अझुरवरचे जुने डायनॅमिक, म्हणजे बदलू शकणारे, पत्ते याहून सूक्ष्म स्वभावाचे होते. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शिरून यंत्र बंद केले तर पत्ता जागच्या जागी राहत असे, आणि व्हीएमचे बिलही चालू राहत असे. पोर्टलवरून स्टॉप केले तर यंत्र डीअलोकेट होऊन, म्हणजे त्याची राखलेली जागा सुटून, बिल थांबत असे, आणि पत्ताही जात असे. पैसे वाचवण्यासाठी रात्री यंत्रे बंद ठेवण्याची सूचना अकाउंट्स विभागाकडून आली, तेव्हा हा भेद समजावून सांगताना माझा घसा बसला. गूगलवर तात्पुरत्या पत्त्याला, कंत्राटी माणसाला नोकरीत कायम करावे तसे, कायम करता येते आणि आकडे तेच राहतात. ही सोय मला मनापासून आवडते. मात्र असा कायम केलेला पत्ता बिनकामाचा बसवून ठेवला, तर गूगल त्याला तासाला ०.०१ डॉलर, म्हणजे कामाच्या दुप्पट भाडे लावते.

अझुरने बेसिक प्रकारचे पत्ते ३० सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त केले, आणि त्याआधी सर्व पत्ते स्टँडर्ड करून घेणे भाग पडले. त्याचा क्रम असा: पत्ता यंत्राला जोडलेला असतानाच तो स्टॅटिक (न बदलणारा) करावा, मग तो यंत्रापासून सोडवावा, मग त्याचे अपग्रेड करावे आणि मग पुन्हा जोडावा. पहिल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली, तर पत्ता गेला आणि समिती आली. मध्यरात्री हे करताना मी प्रत्येक क्लिकपूर्वी शेजारच्या सहकाऱ्याला स्क्रीन मोठ्याने वाचायला लावत होतो. पत्ता वाचला, पण यंत्राशी संपर्क काही होईना, कारण स्टँडर्ड पत्त्याची दारे बाहेरच्यांसाठी मुळात बंदच असतात आणि नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप नावाच्या नियमांच्या यादीत परवानगी लिहिल्याशिवाय ती उघडत नाहीत. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे उत्तमच आहे, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी पटले. (अझुरचा पुण्यातला रीजन ‘सेंट्रल इंडिया’ या नावाने ओळखला जातो. पुणे देशाच्या केंद्रस्थानी आहे, हे अमेरिकी कंपनीने लेखी मान्य केल्याचे आमच्या ऑफिसातल्या कोणाही पुणेकराला विशेष वाटले नाही.)

गंमत अशी की, ज्या पत्त्यासाठी ही सारी यातायात चालते, तो त्या यंत्राला स्वतःला ठाऊकच नसतो. सर्व्हरवर लॉगिन करून पाहावे तर तेथे १० पासून सुरू होणारा खासगी पत्ता दिसतो. पब्लिक पत्त्याची अदलाबदल बाहेरच्या बाहेर क्लाउडचे नेटवर्क करते; यालाच एनएटी म्हणतात. ऑडिटर आले, स्क्रीनकडे पाहिले आणि म्हणाले, “कागदावरचा पत्ता येथे कोठे दिसतो, दाखवा.” त्यांना एनएटी समजावून सांगण्यात चहाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि अखेर शेऱ्याच्या जागी ‘प्रत्यक्ष आढळला नाही’ असे लिहिले गेले.

एवढी टंचाई का, हे साहेबांनी एकदा विचारले. आयपीव्ही४ मध्ये मुळात पत्तेच सुमारे ४२९ कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेलकडून ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले. तरीही २०१४ साली अमेरिकेतल्या अझुरला अमेरिकी पत्ते पुरेनात, म्हणून परदेशी नोंदीचे पत्ते वापरावे लागले आणि अमेरिकेत बसलेले काही सर्व्हर इंटरनेटला ब्राझीलमध्ये असल्यासारखे दिसू लागले. ॲमेझॉनने २०१९ मध्ये हौशी रेडिओवाल्यांसाठी राखलेल्या पत्त्यांतून सुमारे ४२ लाखांचा तुकडा विकत घेतला. साहेबांना त्यातला खरेदीचा भाग तेवढा समजला, आणि “आपण तेव्हा थोडे घेऊन ठेवायला हवे होते,” असे ते हळहळले.

वास्तविक बिलातले पत्ते आम्ही मागून घेतलेले नव्हतेच. इंटरनेटकडे तोंड असलेला लोड बॅलन्सर (आलेले काम अनेक सर्व्हरांत वाटणारा) प्रत्येक झोनसाठी, म्हणजे रीजनच्या प्रत्येक उपविभागासाठी, निदान एक पत्ता घेतो, आतल्या यंत्रांना बाहेर जाऊ देणारा एनएटी गेटवे आपला वेगळा घेतो, आणि कोणी तरी चाचणीसाठी उभे केलेले यंत्र सवयीने आणखी एक घेऊन बसते. ॲमेझॉनच्या ‘पब्लिक आयपी इनसाइट्स’ या मोफत सोयीत ही यादी उघडली, तेव्हा कित्येक पत्त्यांचे धनी नोकरी सोडून गेलेले निघाले.

यावर उपाय म्हणून मी आयपीव्ही६, म्हणजे लांबलचक पत्त्यांची नवी पद्धत, सुचवला. त्याच्या पत्त्यांना ॲमेझॉन भाडे आकारत नाही, आणि ते संपण्याची भीतीही नाही. साहेब खूश झाले. तक्त्यात हिरवा रंग भरून त्यांनी वर पाठवलादेखील. मग मी बँकेचा अर्ज उघडला. पत्त्याच्या रकान्यात मोजून पंधरा चौकोन, आणि आयपीव्ही६ पत्ता पूर्ण लिहिला तर एकोणचाळीस अक्षरांचा. मी अधिकाऱ्यांना फोन केला. “काही हरकत नाही,” ते अदबीने म्हणाले, “मावेल तेवढा लिहा, उरलेला मागच्या बाजूला लिहून खाली सही करा.”