होडी अंगाला बसेना

प्लायवूड कापून, तांब्याच्या तारेनं टाके घालून, सांध्यांत इपॉक्सी भरून मी साडेचार महिन्यांत पाच मीटरची कयाक, म्हणजे वल्हवायची निमुळती होडी, उभी केली. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या खुर्चीला लागून. मला वाटलं, झालं! आता राहिलं किरकोळ फिटिंग. हे किरकोळ सबंध पावसाळाभर पुरलं.

कयाकमध्ये नुसतं बसून भागत नाही, ती विजारीसारखी अंगात घालावी लागते. बूड, मांड्या, तळपाय सगळं नीट टेकलं, तरच कंबर कलली की होडी कलते. आधी गादीवाल्याकडचा फोम लावून पाहिला. तो पाणी पितो, हे चाचणीसाठी दोन तांबे ओतल्यावर बुडाला कळलं. मग धारावीतून चपलांच्या तळव्याची ईव्हीए शीट आणली. दुकानदार म्हणाला, "कितव्या नंबरची चप्पल काढणार?" बुडाचा नंबर काय सांगणार?

पाय टेकायच्या खुंट्यांची खूण करायला भाचा पेन्सिल घेऊन नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, झाकणातून आत शिरला. "मामा, तुझ्या पायांना वास येतोय!" पोकळ होडीतून ते दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं.

मग पायांपुढे हवाबंद कप्प्याची आडभिंत बसवली आणि तिला मी दीड मिलिमीटरचं भोक पाडलं. उन्हात आत कोंडलेली हवा फुगते, तिला वाट नको? शेजारचे काका म्हणाले, "चार महिने भोकं बुजवलीस, आता पाडतोस?"

पण खरी परीक्षा स्कर्टची. लाट आत येऊ नये म्हणून कमरेला घालून होडीच्या तोंडावर ताणून बसवायचं जे कापड, त्याला स्कर्टच म्हणतात. त्याला मी काय करू?

"मास्तर, स्कर्ट शिवायचाय. वॉटरप्रूफ."

"बाईंना घेऊन या, माप घेतो."

"माझंच घ्या."

मास्तरांनी गळ्यातली टेप सावकाश काढली. "घेर?"

"अंडाकृती. ८१ सेंटिमीटर लांब, ४१ रुंद. खाली इलॅस्टिक. आणि पुढे एक पट्टी हवी. उलटलो की ओढायची."

"ओढली की?"

"स्कर्ट सुटला पाहिजे."

मास्तरांनी टेप परत गळ्यात घातली आणि मला रिक्षांचे हूड शिवणाऱ्याचा पत्ता दिला. त्या भल्या माणसानं एकही प्रश्न न विचारता शिवून दिला. वर उरलेल्या रेक्झिनची पिशवीही दिली.

कमरेच्या दोन्ही बाजूंचे पॅड मी गणपतीच्या आधी चिकटवले होते, अगदी बेतशीर. विसर्जनानंतर स्कर्ट घालून, सगळा जामानिमा करून आत बसलो. बसलो म्हणजे रुतलोच. मोदकांचा हिशोब धरायचा राहिला होता.

नेमके तेव्हाच सोसायटीचे सेक्रेटरी वही घेऊन आले. "पार्किंगचा चार्ज लावायचाय. हे टू-व्हीलरमध्ये धरू की फोर-व्हीलरमध्ये? आणि माणूस समोर उभा असताना बसून काय बोलता?"

"काका, आधी काखेत हात घालून जरा वर ओढा. मग सांगतो."