३० सेकंदांचं तर आहे!

"३० सेकंदांची रील आहे हो, दहा मिनिटांत होईल!" व्हिडिओ एडिटिंगच्या धंद्यात हे दुकानदारांकडून आणखी एकदा ऐकलं ना, तर पुण्याच्या लक्ष्मी रोडवर भर गर्दीत बसकण मारीन. फुटेज पाऊण तासाचं, तेही आडवं! रील असते उभी, १०८० बाय १९२०. तुमचं निम्मं दुकान कुठे कोंबू? आवाजात पीएमपी बसचा हॉर्न आणि मिक्सर. वर सगळं व्हॉट्सॲपवरून, म्हणजे पिळून चोथा झालेलं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, सांगून जीभ झिजली! सबटायटल आपोआप येतात? येतात की, 'मिसळ'चं 'मिसाइल' होऊन येतात.

पैशाचं काढलं की, "भाचा फोनवर फुकट करतो." मग करू द्या की त्याला! पण नाही. भाच्याची बारावी आली की रात्री साडेअकराला फोन: "जरा फायनल टच द्या." म्हणजे सगळं पहिल्यापासून! आणि हे सांगणार कोण? दुपारी एक ते चार शटर ओढून घोरणारे! यांची वामकुक्षी पवित्र, आमची रात्र काय वाऱ्यावर?

दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या की निरोप: "पहिलंच बरं होतं, नाही? आणि हो, गाणं ट्रेंडिंगमधलं टाका."