माझी भाची चोर नाही : ‘देश सोडणारे गद्दार’ या मेसेजला उत्तर

रविवारी सकाळी बहिणीचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाली, "ह्यांनी पोरीच्या जर्मनच्या क्लासची फी भरणार नाही म्हणून सांगितलंय. तू तरी बोल त्यांच्याशी." पोरगी म्हणजे माझी भाची; नर्स आहे, जर्मनीत नोकरी करायची म्हणून जर्मन शिकते आहे. काय झालं विचारलं तर म्हणाली, ग्रुप बघ.

घरच्या ग्रुपवर दाजींनी पहाटे सहाला एक मेसेज टाकला होता. त्यांच्या फिरायला जाण्याच्या ग्रुपवरून आलेला. वर तिरंगा, खाली जोडलेले हात, शेवटी ‘खरा देशभक्त असाल तर पुढे पाठवा’. म्हणणं थोडक्यात असं : शिकून परदेशी जाणारे डॉक्टर, नर्स, इंजिनिअर देशाच्या पैशावर शिकतात आणि दुसऱ्याची चाकरी करतात, म्हणजे ते चोर आहेत. एक नर्स गेली की इथला एक वॉर्ड ओस पडतो. ते पैसे पाठवतात त्यातून नुसते बंगले उठतात. फायदा फक्त गोऱ्यांचा, तोटा फक्त आपला. गेलेला परत येत नाही, आईबाप वृद्धाश्रमात मरतात. म्हणून अशा गद्दारांच्या डिग्र्या काढून घ्या. खाली दाजींनी स्वतः एक ओळ लिहिली होती : ‘विचार करण्यासारखं आहे.’

केला विचार. मी आयुष्यभर सोलापुरात लूमवाल्यांच्या हिशोबाच्या वह्या लिहिल्या आहेत. ज्या वहीत फक्त नावे बाजू लिहिलेली असते आणि जमेची बाजू कोरी, ती वही मी मालकाच्या तोंडावर परत करतो. हा मेसेज तसलीच वही आहे.

आधी ‘चोर’ या शब्दाचं बघू, कारण तोच मला सगळ्यात जास्त लागला. भाचीने बीएस्सी नर्सिंग खासगी कॉलेजातून केलं. चार वर्षांची फी दाजींच्या पीएफमधून आणि बँकेच्या शिक्षणकर्जातून गेली. त्या कर्जाचा हप्ता आज ती स्वतःच्या पगारातून फेडते. पगार चौदा हजार, त्यातून हप्ता गेला की हातात काय उरतं ते दाजींना माझ्याहून चांगलं माहीत आहे. पहिली ते चौथी ती महापालिकेच्या शाळेत होती, तेवढं देणं मी मान्य करतो. पण तेवढ्या हिशोबाने चोर ठरवायचं असेल तर सोलापुरातली निम्मी पोरं चोर आहेत, कारण इथे शिकून ती पुण्याला हिंजवडीत कामाला आहेत. त्यांना कुणी गद्दार म्हणत नाही. दिवाळीला ती घरी आली की आपण स्टेशनवर घ्यायला जातो.

अर्धं सत्य आहे ते सांगतो, नाही तर म्हणाल एकतर्फी बोलतो. सरकारी मेडिकल कॉलेजची जागा खरोखर जनतेच्या पैशावर चालते. तिथे शिकलेल्याने इथे काही काळ सेवा द्यावी हे रास्त आहे, आणि त्यासाठी आपल्या राज्यात बंधपत्रित सेवेचा नियम आहेच. तो नीट राबवा, माझी हरकत नाही. पण त्या नियमाचा सोटा कर्ज काढून शिकलेल्या नर्सच्या पाठीत का?

आता ‘वॉर्ड ओस पडतो’. हे वाक्य लिहिणाऱ्याने सरकारी नर्सभरतीचं परीक्षा केंद्र कधी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. भाचीला घेऊन गेलो होतो. बाहेर फुटपाथवर तिची पिशवी सांभाळत तीन तास बसलो. गेटपासून रांग वळून पुढच्या चौकापर्यंत गेली होती. धाराशिव, बीड, लातूरकडच्या पोरी, कुणाच्या कडेवर बाळ, कुणाबरोबर नवरा, कुणी रात्रीच्या एसटीने आलेली. सगळ्या शिकलेल्या, नोंदणी झालेल्या नर्स. वॉर्डात माणसं कमी आहेत हे खरं आहे, पण ती जर्मनीला गेली म्हणून कमी नाहीत. जागा भरल्या जात नाहीत, भरल्या तर कंत्राटावर, आणि खासगीत चौदा हजारांत बारा तास राबवून घेतात म्हणून कमी आहेत. हा राग ज्याच्यावर काढायचा त्याच्यावर काढा.

आणि एक नर्स गेली की देशातली एक नर्स कमी होते, हे गणितच चुकीचं आहे. फिलिपिन्समध्ये याचा नीट अभ्यास झाला आहे. पाओलो अबार्कार आणि कॅरोलाइन थिओहाराइड्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो केला. 2000 च्या सुमारास अमेरिकेने परदेशी नर्ससाठी दार मोठं उघडलं. फिलिपिन्समधून नर्स भराभर जाऊ लागल्या. मेसेजच्या हिशोबाने तिथली हॉस्पिटलं रिकामी पडायला हवी होती. झालं उलटं. नोकरी मिळते हे दिसल्यावर हजारो पोरं दुसरे कोर्स सोडून नर्सिंगकडे वळली, नवी कॉलेजं निघाली, आणि बाहेर गेलेल्या एका नर्समागे साधारण नऊ जास्तीच्या नर्स शिकून बाहेर पडल्या. सगळ्यांना थोडाच व्हिसा मिळतो? बऱ्याचशा देशातच राहिल्या. एक गेली, नऊ तयार झाल्या. आपल्याकडे कॉम्प्युटरचं हेच झालं. गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस यांनी दाखवून दिलंय की अमेरिकेच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या आशेने इथली पोरं कॉम्प्युटर शिकली. त्यातली थोडी गेली, बरीच राहिली, काही शिकून परत आली, आणि त्यांच्या जिवावर इथला आयटी उद्योग उभा राहिला. ज्या हिंजवडीच्या पगारावर आज सोलापुरात फ्लॅट घेतले जातात, तिच्या पायाभरणीत ती व्हिसाची आशाही आहे.

इथेही एक कबुली देतो. लहान आणि गरीब देशांना हे गणित लागू पडेलच असं नाही. जिथे मुळात डॉक्टर मोजके, शिकवायला कॉलेजं नाहीत, तिथून माणसं उचलली तर खरंच नुकसान होतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये अशा 55 देशांची यादी काढली की इथून आरोग्य कर्मचारी मुद्दाम ओढून नेऊ नका. त्या यादीत भारत नाही.

पैशाचं उत्तर आकड्यातच देतो. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे 2023-24 मध्ये बाहेरच्या भारतीयांनी देशात 118.7 अब्ज डॉलर पाठवले. 2010-11 मध्ये हा आकडा 55.6 अब्ज होता. तेलाची, मशीनची आयात करून आपल्या व्यापारात जो खड्डा पडतो, त्याचा मोठा भाग या पैशाने भरून निघतो. एकेक देश धरला तर सगळ्यात जास्त पैसा आता आखातातल्या देशातून येत नाही. एकट्या अमेरिकेचा वाटा 27.7 टक्के, अमिरातीचा 19.2. म्हणजे शिकून गेलेल्यांचं वजन वाढतंय. आणि राज्यांमध्ये पहिला वाटा कुणाचा? केरळचा नाही, महाराष्ट्राचा, 20.5 टक्के. हे सगळे बंगले आहेत असं म्हणणाऱ्याने जरा आपल्याच गल्लीत फिरून बघावं. तिसऱ्या घरातल्या आजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यांच्या नातीची कॉलेजची फी, मागच्या उन्हाळ्यात मारलेलं बोअर, सगळं दुबईच्या पैशातून झालं. आणि बंगला बांधला तरी गवंडी, सुतार, प्लंबर इथलेच ना?

‘फायदा फक्त गोऱ्यांचा’ हे वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला. फायदा त्यांचा आहेच, कुणी नाही म्हटलं? जर्मनीत म्हातारी माणसं वाढली, काम करणारे हात कमी पडले. म्हणून 2024 च्या ऑक्टोबरात त्यांनी कुशल भारतीयांसाठी वर्षाला द्यायचे व्हिसा 20,000 वरून 90,000 करायचं ठरवलं. त्यांना शिकवण्याचा खर्च न करता तयार नर्स मिळते, ती तिथे कर भरते, पेन्शनचा हप्ता भरते. पण त्यांचा फायदा झाला म्हणजे आपला तोटा झालाच पाहिजे, हा कुठला हिशोब? सूत विकणारा आणि विणणारा दोघेही कमावतात, एवढं तर सोलापूरकराला शिकवावं लागू नये. पेन्शनचा जो हप्ता ती भरेल तोही बुडीत नाही, दोन्ही देशांत त्यासाठी करार आहे आणि तो 2017 पासून लागू आहे.

दाजी, तुम्ही स्वतः अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं काढलीत. आता आपल्या पूर्वभागाकडे, विणकरांच्या वस्तीकडे, बघा. ती घरं कुठून आली? तेलंगणातून पद्मशाली विणकर निजामाचा मुलूख सोडून इथे आले. येताना शेतजमीन आणली नाही, भांडवल आणलं नाही, हातात माग चालवायची कला आणली. ते आले म्हणून सोलापूरकर उपाशी राहिले का? रंगारी लागले, सूतवाले लागले, हमाल लागले, वह्या लिहायला माझ्यासारखे लागले. सोलापुरी चादरीचं नाव झालं. तुमचा पगार, माझा पगार त्या चादरीतून आणि टॉवेलांतून आला. गावाकडे पैसा गेला, इथे शहर वाढलं. तेव्हा त्यांच्या गावात कुणी ‘गद्दार’ म्हणून त्यांना अडवलं असतं तर आज आपण दोघं कुठे असतो?

‘गद्दार’ हा शब्द तर सोलापूरच्या माणसाने या बाबतीत तोंडातून काढूच नये. पाहुणे आले की तुम्हीच त्यांना कोटणीस स्मारक दाखवायला नेता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच, 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. ते पगारासाठी गेले नव्हते हे मला माहीत आहे, भाची पगारासाठी जाते आहे. दोन्ही सारखं म्हणत नाही. पण इथे शिकून परक्याच्या जखमा बांधणं म्हणजे देशाशी बेइमानी, असं मानणारं हे गाव नाही.

परत न येण्याबद्दल फार बोलत नाही. काही येतात, काही येत नाहीत. आईवडिलांची काळजी खरी आहे, ती मी थट्टेवारी नेणार नाही. पण ती काळजी तुम्ही, ताई आणि पोरगी तिघांनी जेवायला बसल्यावर बोलायची आहे. पुण्यात, बंगळुरूत असलेल्या पोरांचे आईबापही एकटे राहतात.

खरी भीती कशाची बाळगायची ते सांगतो. एजंटांची. मागच्या वर्षी एकाने भाचीकडे साडेचार लाख मागितले होते, पावती न देता, वर मूळ सर्टिफिकेटंही ठेवून घेतो म्हणाला. आम्ही उठून आलो. परदेशी नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, आणि त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. हे पुढे पाठवा, त्याने एखादं घर वाचेल.

परवा तुमच्याकडे आलो होतो तेव्हा पोरगी रात्रीची ड्युटी करून आली होती. आंघोळ करून जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसली. जर्मन शब्दांची लिंगं पाठ व्हावीत म्हणून डेअरचे शब्द निळ्या शाईत, डीचे लाल, दासचे हिरव्या. एका बाजूला कडक भाकरी आणि शेंगाचटणी तशीच पडलेली. शेजारी तुमच्या आई. ती त्यांना विचारत होती, "हाबेन झी श्मेर्त्सन?" म्हणजे दुखतंय का. आजींना आता पाठ झालंय, त्या गुडघा चोळत म्हणाल्या, "या, या, लई." त्या पोरीला तुम्ही तिरंग्याखालचा मेसेज पाठवलात. तिने मला काही म्हटलं नाही, फक्त विचारलं, "मामा, बाबांना खरंच असं वाटतं का?"

दाजी, फीचा शेवटचा दिवस शनिवार आहे. अर्धी मी भरतो, उरलेल्याचं तुम्ही बघा. आणि ग्रुपवरचा तो मेसेज तुमच्या हाताने काढा, तिने सकाळी ड्युटीवरून येऊन फोन उघडायच्या आत.