दोन हजारांचं खुराडं आणि रोजची दहा अंडी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: दोन हजारांत परड्यात खुराडं उभं करा, जुने पत्रे आणि कोंबडजाळी पुरे. दहा गावठी कोंबड्या सोडा, रोज दहा अंडी मिळवा. खाद्याचा खर्च शून्य, घरातलं उरलंसुरलं खाऊन जगतात. गावठीला रोग नाही, लस नको. अंड्यांसाठी कोंबडा मात्र हवाच. आणि पंचायत समितीत 50 टक्के अनुदान आहे, आजच अर्ज करा.

थोडक्या पैशात कोंबड्या पाळता येतात, याबद्दल वाद नाही. आपल्या आज्ज्या डालग्याखाली पाळतच होत्या. पण हा मेसेज जिथे पैसा घालायला हवा तिथेच हात आखडतो, आणि जिथे खरंच वाचतो त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आधी अंड्यांचा हिशेब. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यामुळे पोल्ट्रीतली लेअर (खास अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी) सुद्धा अधूनमधून खाडा करते. गावठी तर दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. वर्षाकाठी तिची 50 ते 70 अंडी धरा. दहा कोंबड्यांची झाली पाचशे ते सातशे, म्हणजे दिवसाला दोनसुद्धा नाहीत. अंडीच हवी असतील तर गिरिराजा (वर्षाला 130 ते 150) किंवा स्वर्णधारा (180 च्या आसपास) घ्या. दोन्ही जाती कर्नाटकातल्याच विद्यापीठांनी काढलेल्या. पण या सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत, तेव्हा पुढची पिल्लं विकत आणावी लागतील.

आता जाळी. मेसेजमधली सगळ्यात महाग पडणारी ओळ हीच आहे. कोंबडजाळी म्हणजे ती षटकोनी, पातळ तारेची. ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. हातात धरून बघा: दोन तारा एकमेकींना पीळ देऊन घर तयार होतं, आणि एक-दोन पावसाळ्यांत गंज धरतो तो त्या पिळातच. मग कुत्र्याने पंजा मारला की उसवलेल्या शिवणीसारखी घरामागून घर सुटत जाते. मांजराला तर फाडायचीही गरज नसते. कोंबडी जाळीला टेकून झोपते, ते भोकातून पाय ओढतं. मुंगूस खालून उकरून येतं, आणि एकच नेऊन थांबेल याचा भरवसा नाही. (त्याला मारायच्या भानगडीत पडू नका, वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.)

म्हणून रात्रीच्या खोलीला अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंगने जोडलेल्या तारांची चौकोनी जाळी. ती महाग असते, कबूल. पण किती लागते ते बघा. रात्री झोपण्यापुरती एका पक्ष्याला दोन चौरस फूट जागा पुरते. दहांना वीस, म्हणजे चार बाय पाचची पेटी. एवढ्याला जाळी चांगली घ्या, ती खाली फूटभर पुरा किंवा बाहेरच्या अंगाला जमिनीवर दुमडून वर दगड ठेवा, आणि दाराला नुसता दोरीचा फास न ठेवता कोयंडा लावा. दिवसाच्या मोकळ्या जागेला जुनं कुंपण, तुराट्या, बांबू, काहीही चालतं, कारण दिवसा तुम्ही जागे असता. पैसे आकारात वाचवा, जाळीत नको. आतल्या दांडीला एका कोंबडीमागे आठ-नऊ इंच, आणि चार-पाच कोंबड्यांना अंडी घालायला फूटभराचा एक खोका. त्याला जुनं खोकं, फुटकं टोपलं चालतं, ते विकत घेऊ नका.

‘जुने पत्रे’ हा सल्ला तर जिल्ह्याचा नकाशा न बघताच दिलेला दिसतो. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस आणि अथणीचा पाऊस यांची बरोबरी होते का? खानापूरच्या पश्चिमेला खुराडं जमिनीपासून दोन फूट उचलून बांबूच्या फटीदार तळाचं करावं, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि पाय कोरडे राहतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. त्या बाजू बंद, उघडी बाजू पूर्वेला, आणि वळचण दोन-तीन फूट पुढे काढलेली. छपराला पत्र्यापेक्षा जुनी कौलं बरी. स्लॅब घालायला लोक घर उतरवतात तेव्हा ती स्वस्तात मिळून जातात. फक्त कौलांखाली जाळी ठोका, नाहीतर साप आणि मांजर त्या फटींतूनच उतरतात.

चिकोडी, रायबाग, अथणीकडे दुखणं उलटं, तिथे उन्हाळा मारतो. पत्राच असेल तर त्यावर उसाच्या पाल्याचा जाड थर टाका. तिथे जमिनीवर तूस पसरून ठेवलं तरी चालतं. एक मूठ घेऊन दाबा: लगेच सुटलं तर ठीक, लाडू झाला तर ओलं आहे. ओल्या तुसातून अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते.

खाद्य फुकट? अंड्यावरची कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते. दहांचं महिन्याला तीस-पस्तीस किलो झालं. पाच माणसांच्या घरात एवढं उरत असेल तर स्वयंपाकाचं माप आधी तपासा. परडं मोठं असेल तर किडे, गवत, सांडलेलं धान्य यांवर बरंच भागतं. पण भात-भाकरीत प्रथिनं कमी आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ते शिंपल्यांच्या चुऱ्यातून द्या, नाहीतर मऊ कवचाची अंडी येतील.

‘गावठीला रोग नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याने मानमोडी बघितलेली नसावी. हिरवट पातळ हगवण, मान पिळवटलेली, आणि काही दिवसांत गल्लीतली सगळी खुराडी रिकामी. ही राणीखेत, गावठी-बिगरगावठी ती बघत नाही. पहिली लस पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात थेंब, दुसरी सहा ते आठ आठवड्यांत टोचून. अडचण लसीच्या किमतीची नसते, कुपीची असते. कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते आणि पातळ केल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून भावकीतल्या चार घरांनी एकच दिवस ठरवावा आणि एकाने थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणावी.

कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते. कोंबडा लागतो पिल्लांसाठी. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या दाट गल्लीत राहत असाल तर न ठेवलेलाच बरा, शेजाऱ्यांशी संबंध टिकतात.

राहिलं अनुदान. पंचायत समिती महाराष्ट्रात असते, आपल्याकडे कर्नाटकात तालुका पंचायत. पलीकडची योजना अलीकडच्या उताऱ्यावर मिळत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं 50 टक्के अनुदान दोन्हीकडे आहे खरं, पण ते हजार पक्ष्यांच्या युनिटला, परड्यातल्या दहांना नाही. राज्याची एखादी योजना चालू आहे का, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अर्ज कन्नडमध्ये असतो, भरून देणारा कुणीतरी बरोबर न्या.